अलिबागेत सात आठवडे



भारतात जाऊन आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलंत?" 2023 च्या मार्चमध्ये परतल्यावर या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही जरा ओशाळलोच. सात आठवडे राहिलो, पण ताजमहाल नाही, केरळ नाही, कोचीचे सिनेगॉगसुद्धा नाही. पाहिले ते अलिबाग, आणि अलिबागेहून सकाळी एस.टी.ने निघून दिवेलागणीला परत येता येईल एवढाच मुलूख. एका मैत्रिणीने तोंडावरच विचारले, "मग सात आठवडे केलंत तरी काय?" हे लिहिणे तिच्यासाठी.

आधी 2009 ची गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी आम्ही दोघे आणि बाबा एका सहलीबरोबर गेलो होतो. (बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि एकीचे सासरे, घरात दोघांचेही बाबाच.) अकरा दिवसांत दिल्ली, आग्रा, जयपूर, कोची, मुंबई. आणि कोकण एक दिवस! पहाटे मुंबईहून बस निघाली. पनवेलचे सिनेगॉग, नवगावचे स्मारक, अलिबागचे सिनेगॉग, सागावचा एलियाहू हन्नाबीचा खडक, आणि परत मुंबई. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, फोटो काढायचे, माणसे मोजायची, चढायचे.

बाबांचा जन्म 1934 चा, पोयनाडच्या बाजूच्या एका खेड्यातला. आमच्या आडनावात आहे तेच गाव. पाच-सहा वर्षांचे असताना घरच्यांबरोबर ते मुंबईला गेले, आणि मुंबईहून 1964 साली इस्राएलला. सहलीला आले ते फक्त या गावासाठी. संध्याकाळी परतताना हमरस्त्यावर गावाची पाटी दिसली आणि त्यांनी बस थांबवायला सांगितले. गाईड भला माणूस होता. पण आत बस जाईल एवढा रस्ता नव्हता, आणि मुंबईत चाळीस माणसांचे जेवण सांगून ठेवलेले होते. "पुढच्या वेळी नक्की, आजोबा," म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. पाटी मागे गेली तरी खिडकीतून बघत राहिले.

आम्ही तिथे उतरून रिक्षा करू शकलो असतो. चाळीस माणसे जेवायला गेली असती आणि आम्ही तिघे रात्री उशिरा पोचलो असतो, एवढेच. हे आम्हांला इस्राएलला परतल्यावर सुचले. 2014 साली, शेवात महिन्याच्या 23 तारखेला, बाबा गेले.

दोघेही नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही ठरवले की आता जायचे ते एका जागी राहायला. कोणती जागा, हे आडनावांनीच सांगितले. नवगावकर, थळकर, किहीमकर, झिराडकर, नागावकर, चेउलकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आपल्या लोकांची आडनावे नकाशावर मांडत गेलो. दिवेकर आणि राजपूरकर दक्षिणेला लांब राहिले, पण बाकीच्यांच्या मधोमध बोट ठेवले तर ते अलिबागच्या आसपास पडत होते. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि पुढे गावोगाव विखुरले. आमचा आपला अंदाज असा, की एका गावाला एकच घाणा पुरतो, म्हणून एका गावात आपली एक-दोनच घरे. म्हणजे आपला इतिहास एका मोठ्या गावात सापडणारा नाही. तो चार-चार कोसांवर थोडा थोडा ठेवलेला आहे, आणि तो गोळा करायचा तर रोज एकाच घरी परत यायला हवे.

22 जानेवारीला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. इस्रायल आळीपासून चालत दहा मिनिटांवर एका घराच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या, त्यात ओट्यासह स्वयंपाकघर. बाजारातून नवे टोप, तवा, ताटे घेतली. मांस खायचेच नाही असे ठरवले, म्हणजे दुधाचे आणि मांसाचे वेगळे करण्याची भानगड नाही. मासे मात्र भरपूर. चौथ्या दिवशी बाजारातल्या कोळणीने आम्हांला ओळखले ते आम्ही काय घेतले यावरून नव्हे, तर काय घेतले नाही यावरून. कोळंबी नको, चिंबोऱ्या नकोत, खवले आहेत का ते आधी उलटून बघायचे. म्हणाली, "तुम्ही इस्रायल आळीतले का?" आमच्या पारपत्रावर इस्राएल लिहिले आहे, पण आळीतले असण्याचा मान निराळाच.

खरे सांगायचे तर पहिला आठवडा आम्ही सहलीसारखाच घालवला. सवय जात नाही. सकाळी रेवदंडा, दुपारी चौल, दुसऱ्या दिवशी नवगाव, संध्याकाळी कुलाबा किल्ला. किल्ल्याला पोचलो तर भरती होती, पाणी कमरेच्या वर, परत फिरलो. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी भिंतीवरचे कालनिर्णय दाखवले. तिथी बघायची, मग भरती-ओहोटी कळते. रोज ती पाऊण तासाहून जरा जास्त पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते. आपलेही महिने चंद्राचेच. शेवातची 15 आणि माघी पौर्णिमा एकाच रात्री. बाबा इस्राएलमध्येसुद्धा गच्चीवर जाऊन चंद्र बघून "आज किती तारीख" सांगायचे, त्याची आम्ही थट्टा करायचो. ती समुद्राकाठच्या माणसाची सवय होती हे आता कळले.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाला एकच काम, आणि तेही जमले तर. कित्येक दिवस तर काहीच नाही. वालाच्या शेंगा सोलत बसायचे, वहिनींशी बोलायचे. भात कापल्यावर त्याच खाचरात वाल पेरतात आणि तो जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाढतो, हे आम्ही पहिल्यांदा पाहिले. आम्ही बिरडे खातो ते बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बेआवच्या उपासानंतर, इस्राएलच्या भर उन्हाळ्यात, पाकिटातले सुके वाल भिजवून. ओले वाल कसे लागतात हे माहीतच नव्हते. एका रात्री वहिनींच्या भावाच्या शेतावर पोपटीला गेलो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, अंडी, आणि त्यांच्या मडक्यात कोंबडी. आमच्यासाठी त्यांनी न सांगता बिनकोंबडीचे वेगळे मडके लावले होते. "तुमचं वेगळं असतं ना," एवढेच म्हणाले. शेजारी शनिवार पाळणारी माणसे असण्याची या मुलखाला जुनी सवय आहे.

आता बाबांच्या गावाबद्दल. गावाचे नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पेणच्या एस.टी.ने जाऊन फाट्यावर उतरलो आणि चालत आत गेलो. चहाच्या टपरीवर विचारले, इथे पूर्वी तेल्याचे घर होते का? दोन-तीन माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि "माहीत नाही बा" म्हणाली. देवळापाशी विचारले, तेच. एकाने उलट विचारले, "सात-बारा काढलाय का?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. अलिबाग तालुक्यात जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले आहेत. पांढऱ्या बुटांतली दोन माणसे येऊन जुन्या घराची चौकशी करतात, म्हणजे एक तर दलाल, नाही तर परदेशातून आलेले वारस. जे लोक पिढ्यानपिढ्या त्या जागेत राहतात त्यांनी आम्हांला काय म्हणून सांगावे? बसमधून उतरून अर्ध्या तासात गेलो असतो तर "गावात कोणालाच आठवत नाही" असे इथे लिहून मोकळे झालो असतो. असे लिहिलेले आपण किती वाचले आहे.

दुसऱ्या खेपेला काही विचारलेच नाही. टपरीवर चहा घेतला, खाजणाकडच्या बांधावर फिरलो, परतलो. तिसऱ्या खेपेला कंडक्टरनेच फाटा आल्यावर हाक मारली, "तेलीवाले, उतरा." नाव पडले होते. त्या दिवशी टपरीवाल्याने त्याच्या आजीकडे नेले.

आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या असाव्यात. ओटीवर बसून कांद्यांच्या माळा विणत होत्या. पांढरा कांदा नुकता निघायला लागला होता. आधी विचारले, "जागा मागायला आलाव का?" आम्ही म्हटले, नाही, आजी, आम्हांला काही नको, बाबा इथे जन्मले, त्यांना यायचे होते, राहून गेले. त्या बराच वेळ माळ विणत राहिल्या. मग म्हणाल्या, "शनवार तेली. मी नाही पाहिला. मी लग्न होऊन आले तेव्हा जोतं होतं नुसतं. सासू सांगायची, संप मिटला आणि तेली गेला."

संप म्हणजे चरीचा. चरी हे गाव तिथून जवळच. 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले आणि 1939 पर्यंत, सहा वर्षे, ते त्यावर ठाम राहिले. शेते पडीक. लोक लाकडे विकून, मासे धरून, करवंदे विकून जगले. शेतकऱ्यांचा एवढा लांब संप दुसरा सापडणे कठीण.

घरी आमच्या कानावर नेहमी एकच आले होते, की आजोबांनी गाव सोडले ते मुलांच्या शाळेसाठी. बेने इस्राएल घराण्यांत हेच कारण सांगतात: मुंबई, शाळा, नोकरी. ते खोटे असेल असे नाही. पण बाबांचा जन्म 1934 चा, म्हणजे ते सबंध संपात वाढले. सहा वर्षे गावात पीक नाही, हातात पैसा नाही, तर घाण्यावर कोण येणार? आणि ज्याच्याकडे तेल उधार मागायला सगळे येतात पण फेडायला कोणाजवळ काही नाही, त्या तेल्याचे काय होते? बाबांनी संपाचा उल्लेख कधीही केला नाही. कदाचित त्यांना तो संप होता हेही माहीत नसेल, लहानपण असेच असते असे वाटले असेल. एका सासूने सुनेला सांगितलेले एक वाक्य, याहून जास्त पुरावा आमच्याजवळ नाही. पण आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण जहाज फुटले इथून सुरुवात करतो आणि मुंबईच्या सिनेगॉगवर येतो. मधल्या काळात ज्या गावकऱ्यांच्या सुखदुःखावर आपले पोट होते त्यांच्या संपाचे, दुष्काळाचे, खोतांचे त्यात नाव नसते. निदान आमच्या घरात तरी नव्हते.

आजींनी परसात नेऊन एक दगड दाखवला. मध्ये खोल, कडा झिजलेल्या. कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात. घाण्याचाच असावा. आमच्याच घाण्याचा, असे म्हणायला आधार नाही. आम्ही फोटो काढला आणि हात लावला. नातवाने "घेऊन जाता का?" असे विचारले, बहुधा मनापासून. आम्ही म्हटले, कोंबड्या कुठे पितील?

23 शेवात त्या वर्षी 14 फेब्रुवारीला आला, मंगळवारी. बाबांच्या नावाने अलिबागच्या मागेन आवोथमध्ये काद्दिश म्हणायची होती. काद्दिशला दहा पुरुष लागतात. 1848 साली ज्या गावात एवढे मोठे सिनेगॉग उभारण्याजोगी वस्ती होती, तिथे आता आपली मोजकी घरे आहेत, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी मिन्यान जमवणे म्हणजे सकाळपासून फोन. एकजण कामावर, एकजण तापाने आजारी, एकाचा मुलगा मुंबईला. नऊ जमले. अर्धा तास दाराकडे बघत बसलो. नऊ म्हणजे नाही. तेहिल्लीम वाचले, शेमा म्हटला, काद्दिश राहिली. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची घालून केलेला मलिदा आणि पाच फळे मात्र सगळ्यांनी खाल्ली.

आठच दिवसांपूर्वी, तू बिश्वातला, सागावच्या खडकापाशी मुंबई-ठाण्याहून केवढी माणसे आली होती! एलियाहू हन्नाबी तिथून रथात बसून वर गेला असे आपले लोक मानतात, खडकावर घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. त्या दिवशी मिन्यान मोजण्याची गरजच नव्हती. दुपारनंतर सगळ्या गाड्या परत गेल्या. आम्हीही 2009 साली तसेच गेलो होतो.

शुक्रवारी ठाण्याहून एक तरुण मुक्कामाला आला. त्याला नऊजणांची गोष्ट कोणीतरी सांगितली होती. शब्बाथच्या सकाळी दहा झाले. काद्दिश चार दिवस उशिरा म्हटली गेली. त्यानंतरचे दोन शब्बाथ आमच्यापैकी एकाची गणना गावातल्या माणसांत होत होती. शनिवारी तो उशिरा निघाला तर घरी निरोप येई. (दुसरी मोजणीत नव्हती, मलिदा मात्र तिनेच केला होता. या विषयावर आमच्या घरी निराळे बोलणे चालते, ते पुन्हा कधीतरी.)

6 मार्चच्या संध्याकाळी पुरीम आणि होळी एकत्र आले. पुरीमला आपण होळीचा सण का म्हणतो हे पुस्तकातून माहीत होते. पण आत मेगिल्ला चालू आहे, हामानचे नाव आले की पोरे पाय आपटत आहेत, आणि बाहेर रस्त्यावर होळी पेटवून बोंबा चालू आहेत, हे ऐकल्यावर पुस्तक लागले नाही. वहिनींकडेही पुरणपोळी, आमच्याकडेही पुरणपोळी. ताटे वर-खाली गेली. त्यांची जास्त चांगली झाली होती.

ज्यांना असे राहायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत बरे, पुढे घाम काढतो. शनिवार-रविवारी अलिबाग मुंबईच्या पाहुण्यांनी भरून जाते, तेव्हा घरी बसावे, शब्बाथ असतोच. महिन्याच्या बोलीने खोली घ्यावी, म्हणजे भाडे निम्म्यावर येते. यादी करून नेऊ नये. आमची यादी आठव्या दिवशी संपली होती. नंतरच्या चाळीस दिवसांसाठी काही ठरवले नव्हते, आणि वर लिहिलेले बहुतेक सगळे त्या चाळीस दिवसांतले आहे.

एक सांगायचे राहिले. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी इस्रायल आळीत हिब्रू ऐकू आली. बस आली होती, इस्राएलची सहल, पाऊण तासाचा मुक्काम. रामलेचे एक गृहस्थ, ऐंशीच्या घरातले, गाईडला विचारत होते की नागाव इथून किती लांब. गाईड घड्याळ बघत होता. आम्ही पुढे होऊन म्हटले, काका, जवळच आहे, रिक्षाने वीस मिनिटे, आम्ही नेतो आणि तुम्हांला मांडव्याला बोटीवर सोडतो. त्यांनी बसकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. नाही म्हणाले. औषधे बसमध्ये आहेत, सामान बसमध्ये आहे, उगाच सगळ्यांचा खोळंबा. मग आमच्या वहीत त्यांनी घराचा रस्ता काढून दिला: देऊळ, नारळाची वाडी, विहीर, घर.

दोन दिवसांनी आम्ही नागावला गेलो. देऊळ सापडले, वाड्या तर सगळीकडेच, तिथून उजवीकडे वळून एका मोकळ्या जागेचा व्हिडिओ काढला आणि पाठवला. संध्याकाळी त्यांचा आवाजातला निरोप आला. आभार मानतील असे वाटले होते. म्हणाले, "तुम्ही उजवीकडे वळलात. मी डावीकडे लिहिलं होतं. विहीर डाव्या हाताला आहे. परत जा."

आमचे विमान 10 तारखेचे होते. 8 तारखेला परत गेलो. डाव्या हाताला विहीर होती.